दगडी ओट्याची कड ठरवताना: गोल, सरळ की जाड?

प्रश्न असा आहे: २० मिमी जाडीच्या दगडाचा एल आकाराचा ओटा आणि त्याच्यासमोर एक सुटा ओटा करायचा आहे. कारागिराने कडांचे सहा नमुने समोर ठेवलेत. घरात एकाला जाडजूड दिसणारी कड हवी, दुसऱ्याला पूर्ण गोल, आणि विचारणाऱ्याला धास्ती आहे टवके उडण्याची. काय घ्यावं?

माझं उत्तर आधीच सांगतो, कारणं मग. वरची धार ३ ते ४ मिमी गोलाईने मोडून घ्या, खालची एक-दीड मिमी. सिंकच्या पुढच्या भागात वरची गोलाई ५-६ मिमीपर्यंत वाढवली तरी चालेल, फक्त ती दोन्ही बाजूंना हळूहळू मूळ गोलाईत मिळवून घ्यायला सांगा. कडेच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच घ्या. सुट्या ओट्याचे बाहेरचे कोपरे वरून पाहताना गोल दिसतील असे कापून घ्या. जाड कड हवीच असेल तर ती सुट्या ओट्याला द्या, आणि तीही सिंक तिथे नसेल तरच. नमुन्याच्या तुकड्याकडे पाहून हे ठरत नाही, कारण सगळेच नमुने हातात छान दिसतात. कडेला कोण टेकतं, पाणी कुठून ओघळतं, भांडं कुठे आपटतं आणि ती कड कुठे जाऊन संपते, हे पाहिलं की निवड बरीचशी आपोआप होते.

टवक्यांपासून सुरुवात करू, कारण भीती तिथे आहे. ग्रॅनाइट ‘कडक’ असतो म्हणून त्याला काही होत नाही, असा समज सर्रास आढळतो. मोझच्या मापावर क्वार्ट्झ ७ वर, फेल्डस्पार ६ वर आणि संगमरवरातलं कॅल्साइट ३ वर येतं. पण हे माप ओरखड्याचं आहे, ठोकर सोसण्याचं नव्हे. स्टीलला ठोकर बसली तर पोचा पडतो. दगडाला पोचा पडण्याची सोयच नाही, तो एक तर टिकतो किंवा त्याचा टवका उडतो. काटकोनी धारेवर मार बसतो तेव्हा त्या टोकाच्या मागे आधार द्यायला दगडच फार थोडा असतो. तीच धार ३ मिमी गोल केली की मार जरा मोठ्या जागेवर पसरतो आणि मागे दगडाचं पोट येतं. एवढ्याशा गोलाईने पडणारा फरक मी वर्षानुवर्षं पाहत आलोय. कडेला १ मिमीपेक्षा कमी गोलाई ठेवलेल्या ओट्यांवर सिंकसमोर नखभर टवके दिसतात. ३ मिमी असलेल्यांवर ते शोधावे लागतात.

हे टवके संपूर्ण ओट्यावर सारखे पडत नाहीत, हेही लक्षात घ्या. बहुतेक सगळे सिंकच्या दोन्ही बाजूंना मिळून साधारण मीटरभर पट्ट्यात असतात, आणि भांडी धुण्याचं यंत्र असेल तर त्याच्या दाराच्या वर. जड पातेलं सिंकमधून वर उचलताना त्याचा बूड सिंकच्या कापाच्या धारेला आतून लागतो. म्हणजे पुढच्या कडेइतकीच सिंकच्या तोंडाची धारही महत्त्वाची. सिंक दगडाखाली बसवणार असाल तर त्या कापाची वरची धार २-३ मिमी गोल हवी, आणि कापाचा उभा भाग पूर्ण पॉलिश केलेला हवा. हे काम कारागीर स्वतःहून करतोच असं नाही. सांगावं लागतं.

दगडाप्रमाणे थोडा फरक पडतो. रेझिन घालून बनवलेल्या क्वार्ट्झच्या पाट्या किंचित लवचिक असतात, पण धारदार कडेला त्यांचेही टवके उडतात. संगमरवर मऊ, त्यामुळे त्याची तीक्ष्ण धार वापराने आपोआप बोथट होते आणि तीही एकसारखी होत नाही. शिवाय लिंबू किंवा व्हिनेगर कडेवरून ओघळलं तर तिथली चकाकी जाते आणि पांढुरका ओघळ कायमचा उमटतो. संगमरवराला म्हणून सुरुवातीपासूनच गोलाई आणि मॅट फिनिश द्यावं, म्हणजे घसरलेली चकाकी दिसायला चकाकी उरतच नाही. थरांचा दगड असेल, स्लेटसारखा, तर कड थरांतून सुटत जाते. त्याला नक्षीची कड कधीच घेऊ नका.

आता पूर्ण गोल कड, जिला कारागीर फुल राउंड किंवा बुलनोज म्हणतात. २० मिमीच्या दगडाला ती म्हणजे १० मिमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ. हाताला सुखद, लहान मुलांच्या डोक्याला सगळ्यात कमी लागणारी, टवक्यांना सगळ्यात चिवट. एवढं सगळं चांगलं असून मी ती सिंकपुढे देत नाही. कारण पाणी. किटलीतून अगदी सावकाश ओतलं की पाणी खाली पडण्याऐवजी तोटीखालून किटलीच्या अंगावर ओघळतं, ते तुम्ही पाहिलं असेल. गोल कडेवर नेमकं तेच होतं. वर सांडलेलं पाणी वळणाला चिकटून खाली येतं, तिथे थांबत नाही, दगडाच्या खालच्या अंगाने आत सरकतं आणि कपाटाच्या दाराच्या वरच्या काठावर टपकतं. त्या काठाला बहुधा रंग किंवा पट्टी नीट लागलेली नसते.

एका घरातून मला बोलावणं आलं होतं, सिंकखालच्या कपाटाची दारं फुगली म्हणून. घरच्यांचा संशय नळाच्या जोडावर होता, आणि प्लंबरने दोनदा जोड बदलूनही झाला होता. मी खाली गुडघ्यावर बसलो, टॉर्च दगडाच्या खालच्या अंगावर आडवी धरली, आणि वरून अर्धा पेला पाणी कडेवर ओतायला सांगितलं. पाण्याची पातळ चादर वळणावरून खाली आली, दोन बोटं आत गेली आणि दाराच्या डोक्यावर थेंब थेंब पडायला लागली. तो ओटा मीच करून दिलेला होता, पूर्ण गोल कड आणि खाली खाच नाही. बसवलेल्या ओट्याला खालून खाच मारणं जवळजवळ अशक्य असतं. शेवटी दगडाच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडं आत, सिलिकॉनची एक सलग, बारीक, उठलेली रेघ ओढली. पाणी तिथे अडून खाली पडायला लागलं. तेव्हापासून कडेची कुठलीही ऑर्डर घेताना खाचेचा विषय मी पहिला काढतो.

ही खाच म्हणजे कटरच्या पात्याइतकी रुंद, ४ मिमीच्या आसपास, आणि कडेपासून १०-१२ मिमी आत. २० मिमी दगडात खोली ३ मिमीच्या वर नेऊ नका, विशेषतः सिंकच्या पुढे. तिथली दगडाची पट्टी आधीच अरुंद असते आणि वाहतुकीत दगड मोडतो तो तिथेच. खाच दाराच्या पुढच्या पृष्ठभागाच्या बाहेर यायला हवी, नाहीतर तिचा उपयोग नाही. म्हणजे दगड दारांच्या पुढे निदान २०-२५ मिमी आलेला हवा. १२ मिमीच्या पातळ पाट्यांना खाच मारू नये. तिथे खालून पट्टी चिकटवणं बरं.

खालची धार सरळ ठेवण्याचा दुसरा एक फायदा आहे, तो कुणी सांगत नाही. ओट्याला स्क्रूने आवळून बसवायची हाताची यंत्रं असतात, त्यांचा जबडा पकडायला खाली सपाट जागा लागते. पूर्ण गोल कडेवर तो घसरतो.

मग अर्धी गोल कड? वरून पाव वर्तुळ, खाली सरळ. ही मला आवडते. हाताला मऊ, आणि खालची धार पाणी तोडते. २० मिमी दगडात १० मिमीपर्यंत गोलाई ठेवली तर तोल नीट दिसतो. त्याहून मोठी केली की दगडाचा सरळ चेहरा उरत नाही आणि तो आहे त्यापेक्षा पातळ दिसतो. घरात ओट्याला पोट टेकवून तासन्‌तास उभं राहणारं कुणी असेल, किंवा वयस्कर माणूस काठाला धरून चालत असेल, तर माझ्या ३-४ मिमीऐवजी ही घ्या.

चॅम्फर, म्हणजे धारेचा ४५ अंशातला सरळ काप, दिसायला नेटका असतो. एका काटकोनाच्या जागी १३५ अंशांचे दोन कोपरे येतात, म्हणून मजबूतही आहे. काळ्या पॉलिश दगडावर त्या कापावर उजेडाची एक सरळ रेघ पडते, ती फार देखणी असते. अडचण अशी की हाताने ग्राइंडरवर काढलेला चॅम्फर कुठे ३ मिमी तर कुठे ४ होतो, आणि तीच उजेडाची रेघ ही चूक चव्हाट्यावर आणते. यंत्रावर काढून मिळणार असेल तरच घ्या.

नक्षीची कड, इंग्रजी एस अक्षरासारखी वळणारी, जिला ओगी म्हणतात, तिच्याबद्दल थोडक्यात सांगतो. तिला निदान ३० मिमी जाडी लागते. २० मध्ये ती कोंबल्यासारखी दिसते. तिच्या खोबणीत तेलकट धूळ बसते आणि रोज फडकं फिरवूनही ती निघत नाही, बोट घालून पुसावी लागते. फारच आवडली असेल तर शेगडी आणि सिंकपासून लांबच्या एखाद्या फळीला द्या.

आता जाड कडेकडे येतो. घरात सगळ्यात जास्त वाद याच्यावरून होतात. २० मिमीचा दगड ४० किंवा ६० मिमीचा दाखवायचे दोन मार्ग आहेत. पहिला, पुढच्या बाजूला खालून त्याच दगडाची पट्टी चिकटवायची आणि दोन्ही मिळून कड काढायची. यात कडेवर आडवी सांध्याची रेघ येते. एकरंगी काळ्या किंवा बारीक दाण्याच्या दगडात ती लपते. शिरा असलेल्या दगडात वरची शीर खाली तुटलेली दिसते आणि डोळा पुन्हा पुन्हा तिथेच जातो. दुसरा मार्ग मायटरचा. वरचा दगड आणि पुढची उभी झालर, दोन्हीला ४५ अंशांत कापून इपॉक्सी या चिकटाने जोडायचं. झालर त्याच स्लॅबच्या, म्हणजे दगडाच्या मूळ अख्ख्या पाटीच्या, लगतच्या पट्टीतून कापली तर शीर वरून खाली सलग उतरते, आणि ओटा अख्ख्या शिळेतून कोरल्यासारखा दिसतो. काम नीट झालं असेल तर मी स्वतः थांबून बघत राहतो.

पण मायटरची जाड दिसणारी कड प्रत्यक्षात नाजूक असते, आणि हे तुम्ही निवडण्याआधी कळायला हवं. सांधा नेमका टोकावर येतो. तिथे दोन पातळ, तासलेल्या धारा चिकटाच्या आधाराने एकमेकींना टेकलेल्या असतात. ती धार भरपूर गोल करायला गेलं तर सांध्याची रेघ रुंद होते, म्हणून कारागीर ती दीड-दोन मिमीच मोडतो. म्हणजे टवक्यांची भीती असलेल्या माणसाने मायटर घेतली की जी गोलाई त्याला वाचवणार होती तीच त्याला मिळत नाही. सिंकपुढे मायटर नको म्हणतो ते यासाठी. सुट्या ओट्यावर, जिथे माणसं बसतात-बोलतात आणि जड भांडी फारशी फिरत नाहीत, तिथे ती वर्षानुवर्षं टिकते.

मायटरचे आणखी दोन हिशेब आधी करावे लागतात. ६० मिमीची झालर खाली उतरते ती वरच्या खणासमोर. हँडल नसलेला खण बोट घालायला जागाच न उरल्याने उघडत नाही, आणि भांडी धुण्याच्या यंत्राचं दार झालरीला अडकतं. कपाटं तेवढी खाली घ्यावी लागतात, म्हणजे हा निर्णय सुताराचं काम सुरू होण्याआधी व्हायला हवा. दुसरं म्हणजे मायटर आणि गोल कोपरा यांचं जमत नाही. झालर सरळ दगडाची असते, ती वळत नाही. त्यामुळे सुट्या ओट्याचे बाहेरचे कोपरे टोकदार राहतात. पळणाऱ्या मुलांचं घर असेल तर मी जाड कडेचा नाद सोडून कोपऱ्यांना ४०-५० मिमी त्रिज्येची गोलाई द्यायला सांगेन. कमरेला किंवा कपाळाला लागतो तो कोपराच. कडेचा आकार कितीही मऊ असला तरी कोपरा टोकदार असेल तर जखम होते.

सिंटर्ड किंवा पोर्सिलेनच्या, म्हणजे भट्टीत भाजून बनवलेल्या, पाट्या घेणार असाल तर कडेचा नियमच बदलतो. बऱ्याच पाट्यांत वरची शिरांची चित्रं फक्त पृष्ठभागावर असतात, आतला गाभा एकरंगी. अशा पाटीची धार जास्त गोल केली की खालून साधा गाभा उघडा पडतो आणि कडेला फिकी किनार दिसते. तिथे जेमतेम धार मोडायची, किंवा मायटर करायची. गाभ्यातही शिरा असलेल्या पाट्या मिळतात. स्लॅबचा कापलेला तुकडा बाजूने पाहा, लगेच कळतं.

एल आकाराच्या आतल्या कोपऱ्याकडे आता वळा. तिथे दोन दगड एकमेकांना भिडतात. धार नुसती मोडलेली असेल तर सांधा सरळ बसतो आणि कोपऱ्यात उरलेली कड हाताने मिळवता येते. कड पूर्ण गोल किंवा नक्षीची असेल तर एका दगडाची गोलाई दुसऱ्याच्या गोलाईत शिरते, आणि ती जुळवायला कडेच्या पुढच्या टोकाजवळ तिरपा काप घ्यावा लागतो. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी तिथे पायरी लागते. ओट्यावर हात फिरवताना ती रोज जाणवते.

आणि कड संपते कुठे? नकाशावर ही गोष्ट जवळजवळ कुणीच लिहीत नाही. ओटा जिथे उभ्या शेगडीला, फ्रिजला किंवा भिंतीला भिडतो, तिथे त्या बाजूची धार सरळ आणि न मोडलेली हवी. कारागीर सवयीने सगळीकडे गोलाई फिरवून येतो, मग शेगडी आणि दगड यांच्यामध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी फट तयार होते, आणि तिच्यात जे सांडेल ते साचतं. ज्या बाजूंना कड काढायची त्या नकाशावर लाल पेन्सिलीने ओढा. ज्या सोडायच्या त्यांच्यावर ‘सरळ’ असं लिहा.

पॉलिशबद्दल एक अडचण आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कारागिराशी भांडण नको. कारखान्यात अनेक स्लॅबच्या वरच्या अंगावर रेझिन भरतात, त्यामुळे वरचा रंग थोडा गडद होतो. कड मात्र नव्याने कापलेली असते, रेझिनविना, म्हणून तोच दगड कडेला जरा फिका दिसतो. काळ्या आणि गडद हिरव्या दगडांत हे जास्त कळतं. रंग गडद करणारं सीलर कडेला लावलं की फरक बराच कमी होतो. मात्र कड राखाडी आणि धुरकट दिसत असेल तर तो रेझिनचा प्रश्न नसतो, पॉलिशसाठी घासायच्या डायमंड पॅडचे टप्पे गाळले गेलेत. ५० किंवा १०० नंबरपासून सुरू करून २००, ४००, ८००, १५०० आणि ३००० असं क्रमाने जावं लागतं. मधला एक टप्पा सोडला की आधीच्या पॅडचे ओरखडे खाली राहतात आणि शेवटचा पॅड त्यांनाच चमकवतो. तपासायचं असेल तर ओट्याच्या टोकाला डोळा लावून कडेत दिसणारं दिव्याचं प्रतिबिंब पाहा. ते सरळ रेघेत असेल तर कड सरळ आहे. नागमोडी असेल तर ग्राइंडर दाबला गेलाय. मग तळहात खालून फिरवा. कडेच्या खालचा निदान ३० मिमी भाग गुळगुळीत असायला हवा, कारण बोटं तिथे जातातच.

कड काढण्याचं काम कारखान्यातच, पाण्याची धार सोडून व्हायला हवं, याचा आग्रह धरा. कोरड्या ग्राइंडरने उडणारी बारीक सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. बनवलेल्या क्वार्ट्झच्या काही पाट्यांत सिलिका ९० टक्क्यांहून जास्त असते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडाचे ओटे बनवण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली, ती कामगारांच्या याच आजारामुळे. तुमच्या घरात बसून कुणी कोरडी कड घासत असेल तर त्याला थांबवा. त्याच्यासाठी थांबवा, आणि घरातल्यांसाठीही.

ठरवताना दोन पर्यायांत अडकलात तर कमी गोलाईचा घ्या. ३ मिमीची कड पुढे टवका उडाल्यावर ५ मिमी करता येते, आणि टवकाही त्यात निघून जातो. खोल टवका असेल तर दगडाची पूड मिसळलेल्या इपॉक्सीने भरून मग गोलाई वाढवतात. उलट दिशेने मात्र जाता येत नाही. एकदा पूर्ण गोल केलेली कड सरळ करायची तर दगड तेवढा आत कापावा लागतो आणि दारांच्या पुढे आलेला भागच नाहीसा होतो.

शेवटचं काम. सिंकसाठी दगडातून जो चौकोनी तुकडा कापून निघतो, तो तुमच्याच स्लॅबचा असतो आणि एरवी टाकून दिला जातो. सिंकचा काप आधी घ्यायला सांगा आणि त्या तुकड्याच्या चार बाजूंना चार कडा काढून मागा. तो घरी आणा, ओट्याच्या उंचीच्या टेबलावर कड थोडी बाहेर ठेवून मांडा. ज्यांना पूर्ण गोल हवी आहे त्यांना मनगट टेकवून दहा मिनिटं उभं राहू द्या. ज्यांना जाड हवी आहे त्यांना समोर बसवा. मग प्रत्येक बाजूवरून अर्धा पेला पाणी ओता आणि वाकून खालून बघा, थेंब कुठे सुटतो ते.